दोन चुलींचं घर

या घराने आजवर भांडणं लपवण्यात जेवढं कसब खर्ची घातलं, तेवढं एखाद्या धंद्यात घातलं असतं तर सगळेच सुखात असते आणि थोरलीला सरकारकडे अर्ज करायची वेळ आली नसती. पण त्या सकाळी सगळी मंडळी तिच्या पुढच्या खोलीत जमली होती ती भांडण लपवायला नव्हे. सिद्ध करायला.

"पुरावा लागेल," थोरलीची लेक म्हणाली. ती औषधांच्या दुकानात कामाला होती, आणि कुठलीही गोष्ट जेवणाआधी घ्यायची की जेवणानंतर अशा आवाजात सांगायची. "थोड्या वेळात अर्ज तपासणाऱ्या बाई येतील. आईची आणि काकूची चूल वेगळी आहे हे त्यांना पटलं पाहिजे. नाही पटलं तर अर्ज गेला."

कायदा तसा सरळ होता. म्हाताऱ्या माणसाचं उत्पन्न तुटपुंजं असेल तर त्याच्या आरोग्य विम्याचा हप्ता सरकार भरणार. मात्र एकाच पत्त्यावर कमावते नातेवाईक राहत असतील आणि सगळे एका चुलीवर जेवत असतील, तर सगळ्यांचं उत्पन्न एकत्र धरायचं. थोरली सगळा जन्म एका नाटक कंपनीच्या कपडेपटात राबली होती. राजांना टाचण्या लावल्या, राण्यांची बटणं शिवली, आणि कंपनी बुडाली तेव्हा तिच्या वाट्याला एक मुकुट आला, तोही पुठ्ठ्याचा. त्याच घरात पलीकडच्या खोल्यांत राहणारी तिची धाकटी जाऊ टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाली होती, तिला पेन्शन होतं. तिचा मुलगा जमीन मोजणी खात्यात सर्वेअर होता, त्याला पगार होता. ही दोन्ही उत्पन्नं थोरलीच्या नावापुढे लागली असती तर कागदावर ती एकदम खाऊनपिऊन सुखी झाली असती.

आणि तिच्या हृदयाची एक झडप बदलायची होती. डॉक्टर म्हणाले होते, थंडी सुरू व्हायच्या आत. पंचाहत्तरी उलटल्याच्या आनंदात विमा कंपनीने हप्ता दुप्पट केला होता आणि तो भरायला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. विमा तुटला तर झडप स्वतःच्या पैशाने बदलायची. स्वतःच्या पैशाने थोरलीला फार तर शिवणयंत्राचा पट्टा बदलता आला असता. लेकीकडे मागावं तर जावयाची नोकरी नुकतीच सुटलेली. पुतण्याकडे मागावं, तर त्यापेक्षा ती जुन्या झडपेवरच भागवणार होती.

"तुमचं भांडण झालं कशावरून, ते तरी एकदा सगळ्यांनी मिळून ठरवा," सर्वेअरची बायको म्हणाली. ही धाकटीची सून. "मी या घरात आल्यापासून प्रत्येकाने मला वेगळं कारण सांगितलंय."

"कुकरवरून," आत्या म्हणाली. आत्या म्हणजे दोघी जावांची नणंद. तिने कोर्टात आयुष्यभर साक्षी टाइप केल्या होत्या, त्यामुळे आपण पाहिलं काय आणि ऐकलं काय यांत ती फरक करत नसे. "माझ्या डोळ्यांदेखत झालं. शिट्टी कुणी हरवली यावरून."

"कुकर नाही, आत्या. स्वयंपाकघराच्या क्षेत्रफळावरून," सर्वेअर म्हणाला. "म्हणून तर मला मधे पार्टिशन घालावं लागलं. बरोब्बर मध्यावर. आजही मोजा."

"काहीतरीच काय, दादा? आईने काकूच्या कोटाची—"

"ते नको," थोरली म्हणाली.

ती इतक्या घाईने म्हणाली, की बाहेरच्या बोळात खोकल्याचा आवाज आला. धाकटी बोळात बसली होती. भांडण झाल्यापासून तिने या खोलीचा उंबरा कुणाच्या देखत ओलांडला नव्हता. कौटुंबिक बैठकीला यायचं झालं तर ती आपली खुर्ची आणून उंबऱ्याच्या बाहेर मांडायची आणि जे बोलायचं ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बोलायची.

"त्यांना सांगा," धाकटी घड्याळाला म्हणाली, "की कारण आठवत नसेल तर मी सांगायला समर्थ आहे."

"तिला सांगा," थोरली म्हणाली, "की सांगू नको म्हणतेय मी."

आठवत दोघींनाही होतं. धाकटीचा निवृत्तीचा समारंभ होता. त्यासाठी तिने आपला निळा कोट इस्त्रीला म्हणून थोरलीकडे दिला. थोरलीने कोट हातात धरला, मग मनातल्या मनात धाकटीवर धरला, आणि न विचारता बाजूची शिवण उसवून आत दाबलेलं कापड बाहेर सोडलं. इथवर सगळं प्रेमाचंच होतं. पण समारंभात एक्स्चेंजच्या मुख्य साहेबांनी, "बाई, कोट काय छान बसलाय तुम्हाला!" असं म्हटलं, आणि थोरलीने, कौतुक कपडेपटाचं आहे अशा समजुतीने, भर सभेत उत्तर दिलं: "बसेल नाही तर काय! दोन इंच सोडलेत पोटावर." टेलिफोनच्या बायका. संध्याकाळपर्यंत ही बातमी शहरातल्या प्रत्येक खांबावरून गेली. त्याच आठवड्यात पार्टिशन उभं राहिलं.

"बरं, कारण राहू द्या," सून म्हणाली. "पण त्या बाईंसमोर दोघी गप्प बसून चालणार नाही. दोन म्हाताऱ्या एकमेकींशी बोलत नाहीत याला कुणी भांडण म्हणत नाही. वय झालं म्हणतात. कडाकडा भांडलात तर पटेल."

"वहिनी बरोबर बोलतायत," लेक म्हणाली. ही ऐतिहासिक घटना होती. या दोघींचं आजवर फक्त एका गोष्टीवर एकमत झालं होतं, की आपलं पटत नाही. "विषय पण साधा घ्या. आईचा कांदा करपतो, धूर पलीकडे जातो, काकूला खोकला येतो. त्या बाई स्वयंपाकघरात शिरल्या की काकूने भिंतीपलीकडून सुरुवात करायची. दोन वाक्यं काकूची, दोन आईची, संपलं."

"आणि दादा," ती पुढे म्हणाली, "पार्टिशन कायमचं आहे असं तू सांगायचंस."

सर्वेअरच्या चेहऱ्यावरून ढग गेला. गेली काही वर्षं तो त्या पार्टिशनच्या मृत्यूची वाट बघत होता. ते पाडायचं, दोन्ही स्वयंपाकघरं एक करायची, मधोमध एक लांब ओटा घालायचा आणि त्याच्याभोवती उंच स्टुलं मांडायची, असा नकाशा त्याच्या टेबलाच्या खणात तयार होता. फक्त म्हाताऱ्यांचं भांडण मिटायचं राहिलं होतं.

"कायमचं म्हणजे... सध्यापुरतं कायमचं," तो म्हणाला.

"दादा!"

"बरं, कायमचं."

 कपडेपटात उभं राहून थोरलीने एवढी नाटकं बाजूने पाहिली होती, की तालीम कुठे बिघडणार हे तिला कपड्यांवरून कळायचं. ज्याला दोन वाक्यं दिलीत तो तिसरं स्वतःचं घालतो, आणि नाटक पडतं ते त्या तिसऱ्या वाक्यावर.

"मी जरा चहाचं बघते," ती म्हणाली आणि उठली. बाहेर बोळातली खुर्चीही सरकली.

स्वयंपाकघरात येऊन तिने दार लोटलं, खुंटीवरचा ॲप्रन बाजूला केला आणि प्लायवूडवर दोन टिचक्या मारल्या. पलीकडून एक टिचकी आली. मग भिंतीतली एक फळी दारासारखी उघडली आणि तिच्यातून धाकटीचं डोकं आत आलं.

हे दार सर्वेअरच्या नकाशात नव्हतं. ते कंपनीतल्या जुन्या सुताराने बसवलं होतं. रंगमंचावर भिंतीतून भूत यावं म्हणून जसं दार करतात तसं, बिजागऱ्या आत, फट दिसणार नाही असं. आदल्या वर्षी थोरलीच्या शेगडीतून गॅस गळायला लागला तेव्हा पहिला वास धाकटीला आला होता. ती बोळातून धावत येऊन, उंबरा-बिंबरा विसरून, गॅस बंद करून नळी काढून गेली. आणि संध्याकाळी दाराशी सुपाचं पातेलं ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी थोरली रिकामं पातेलं द्यायला गेली ती तिथेच जेवली. शेगडी काही परत चालू झाली नाही. तेव्हापासून दुपारी मुलगा-सून कामावर गेली, की थोरली आपली भाजी, आपले बटाटे, आपलं तेल घेऊन फळीतून पलीकडे जायची, धाकटीच्या शेगडीवर दोघींचं शिजायचं, आणि मग पत्ते. भांडण मिटल्याचं मात्र त्यांनी जाहीर केलं नाही. जाहीर केलं असतं तर भिंत गेली असती, भिंतीच्या जागी उंच स्टुलं आली असती, आणि त्या स्टुलांवर चढणं दोघींच्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं. शिवाय चोरून जेवण्यात एक चव असते, ती मिठाने येत नाही.

"अक्का, हा घे तवा," धाकटी कुजबुजली. "कांदा परतून आणलाय. ठेव तुझ्या शेगडीवर. आणि तो बटणांचा डबा काढ तिथून. शेगडीवर बटणं कोण शिजवतं?"

"धाकटे, मला हे बरं वाटत नाही गं. सरकारी माणसापुढे खोटं."

"खोटं काय त्यात? माझं पेन्शन तुला मिळतं का?"

"नाही."

"तुझी झडप मला बसवणारेत का?"

"नाही गं बाई."

"मग? संसार वेगळेच आहेत आपले. शेगडी तेवढी माझी. तसा टेलिफोन पण सगळ्या गल्लीने माझाच वापरला, म्हणून गल्ली माझं कुटुंब झाली का?"

"तू तुझी दोनच वाक्यं बोल. तिसरं नको."

"मी एक्स्चेंजमध्ये होते, अक्का. एक शब्द जास्त बोलले नाही आयुष्यात."

हे इतकं धादांत खोटं होतं की थोरलीला हसू आवरेना. एवढ्यात बेल वाजली. फळी बंद झाली, ॲप्रन जागेवर गेला.

अधिकारी बाई दारात उभ्या होत्या. जाडसर, घामाघूम, काखेत पिशवी आणि चेहऱ्यावर सकाळपासून जिने चढल्याचा भाव. सगळं घर श्वास रोखून त्यांच्या पहिल्या प्रश्नाची वाट बघत राहिलं.

"बाथरूम कुठेय?" बाईंनी विचारलं. "चार घरं झाली. प्रत्येक घरी चहा. नाही म्हटलं की लोकांना वाटतं अर्ज नामंजूर."

त्या परत आल्या तेव्हा बऱ्याच दयाळू दिसत होत्या. लेकीने त्यांना खुर्ची दिली, सुनेने चहा विचारायचं टाळलं, आणि आत्या न विचारताच म्हणाली, "मी शपथेवर सांगते, कुकरच होता."

"कसला कुकर?"

"काही नाही. आमच्या आत्या," लेक म्हणाली. "कोर्टात होत्या."

"कशाबद्दल?"

"नोकरीला हो!"

बाईंनी लिहिता लिहिता वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. घरात कोण कोण, कुणाच्या किती खोल्या, वीज कुणाच्या नावावर. सर्वेअरने पार्टिशनची लांबी, उंची आणि जाडी सांगितली, आणि ते कायमचं असल्याचं अशा आवाजात सांगितलं, की बाईंनी विचारलं, "कुणी वारलंय का घरात?"

"आता चूल दाखवा," त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघर तीन माणसांचं होतं, सहा शिरली. बाईंनी तव्याला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. मग शेगडीला लावलं, आणि ते तिथेच राहू दिलं.

"शेगडी गार आहे," त्या म्हणाल्या. "तवा गरम आहे."

 बाईंनी शेगडीखाली वाकून पाहिलं. नळी नव्हती. जिथे नळी जोडायची तिथून एक कोळी बाहेर आला, एवढी गर्दी बघून परत आत गेला.

याच वेळी भिंतीपलीकडे धाकटीला माणसांची चाहूल लागली. शेगडीचं काय झालं ते तिला कुठून कळणार? तिचा प्रवेश होता. ती आली.

"करपवला!" भिंत गर्जली. एक्स्चेंजचा आवाज, प्लायवूड थरथरलं. "आज पुन्हा कांदा करपवला! आमच्या नशिबी जन्मभर धूर!"

पहिलं वाक्य. थोरलीने आपलं वाक्य म्हटलं, "माझ्या घरात मी काहीही करपवीन."

"स्वयंपाक येत नाही तर करता कशाला?" दुसरं वाक्य.

"तुला तरी कुठे येतो? तुझ्या हाताला मीठ नाही," थोरली म्हणाली. हे तिचं दुसरं वाक्य होतं. आता थांबायचं होतं.

 थोरलीने डोळे मिटले. आता तिसरं येणार हे तिला माहीत होतं.

"मीठ नाही?" धाकटी म्हणाली, आणि आता तो आवाज तालमीतला नव्हता. "मीठ नाही? काल दोनदा मागून घेतलंस सूप, तेव्हा नाही आठवलं मीठ? पातेलं पुसून खाल्लंस अक्का तू!"

 बाहेर रस्त्यावर एक ट्रक मागे जात होता, त्याची टिणटिण तेवढी ऐकू येत राहिली.

"काल," सून हळूच म्हणाली. "काल म्हणजे कालच?"

"आई," लेक म्हणाली, "तू काकूकडे जेवलीस?"

"कुठून?" सर्वेअर म्हणाला. त्याला फक्त तेवढंच समजून घ्यायचं होतं. "बोळातून नाही. बोळात शेजारच्यांची खिडकी आहे, कळलं असतं. कुठून?"

थोरलीने ॲप्रन काढला आणि भिंतीवर टिचकी मारली. फळी उघडली. पलीकडे धाकटी हात तोंडावर ठेवून उभी होती, आणि तिच्या मागे टेबलावर दोन ताटं पालथी घातलेली होती.

सर्वेअरने पुढे होऊन बिजागरी चाचपली. आयुष्यात त्याने शेतं मोजली, डोंगर मोजले, नदीचं पात्र मोजलं. "माझ्या भिंतीत दार आहे," तो म्हणाला. असं म्हणताना तो खाली बसला, पण खाली स्टूल नव्हतं.

मग सगळे एकदम बोलायला लागले.

"माझ्या लग्नाचं जेवण दोन पंगतींत झालं!" सून म्हणाली. "एकीला तुम्ही, एकीला त्या. फोटो दोनदा. मी दोनदा लाजले!"

"ते भांडण तेव्हा खरं होतं गं," धाकटी म्हणाली.

"आणि माझं काय?" लेक म्हणाली. "वर्षभर मी आठवड्याला दोन डबे करून आणतेय, आईला एकटीला शिजवायला नको म्हणून!"

"ते मला मिळायचे," धाकटी म्हणाली. "छान असतात."

"मी कोर्टात असते तर दोघींना उलटतपासणीत उभं केलं असतं," आत्या म्हणाली. "कुकर कुठेय ते आधी सांगा."

"सगळ्यांनी जरा थांबा," अधिकारी बाई म्हणाल्या. त्या एव्हाना फळीतून पलीकडे जाऊन परत आल्या होत्या. पलीकडची शेगडी चालू होती, नळीसकट. "आजी, सरळ विचारते. तुम्ही एका चुलीवर जेवता?"

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. मग त्या गार शेगडीकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली.

लेकीने कपाळाला हात लावला. बाईंनी पेन उचललं. झडप गेली, थोरलीच्या मनात आलं, आणि तिला नवल वाटलं, की छातीत अजून काहीतरी धडधडतंय.

"पण जिन्नस माझे असतात," ती म्हणाली. "बटाटे, तेल, सगळं मी माझं नेते. तिची नुसती आच."

पेन थांबलं. "आच फुकट?"

"नाही. फुकट कशी घेईन?"

"मग मोबदला काय देता?"

थोरली हातातल्या ॲप्रनची घडी घालू लागली.

"आजी, हे महत्त्वाचं आहे. दुसऱ्याची शेगडी मोबदला देऊन वापरत असाल तर ती भाड्याची चूल. अर्जात रकाना आहे, चूल स्वतःची की भाड्याची. मी नोकरीला लागल्यापासून कुणी 'भाड्याची'पुढे खूण केलेली नाही, पण रकाना आहे. मात्र मोबदला काय ते स्पष्ट लिहावं लागतं. काय देता?"

"शिवण," थोरली पुटपुटली.

"कसली शिवण? नुसतं शिवण लिहिलं तर वरचे साहेब परत पाठवतात."

 खोलीत सहा माणसं होती, त्यातली एक सरकारची. कसली शिवण ते थोरलीला चांगलं माहीत होतं. एकदा ते चारचौघांत बोलून तिने भिंत ओढवून घेतली होती. झडप एक वेळ राहिली असती, पण ते वाक्य ती पुन्हा बोलणार नव्हती.

"आई, सांग ना गं!" लेक म्हणाली.

"ते आमच्यातलं आहे," थोरली म्हणाली. "लिहू नका. राहू दे अर्ज."

बाईंनी खांदे उडवले आणि पेनाचं टोपण लावायला घेतलं.

"लिहा," भिंतीतल्या दारातून आवाज आला.

धाकटी फळीच्या चौकटीत उभी होती. चौकट तिला जराशी कमीच पडत होती. ती घड्याळाकडे बघत नव्हती. ती सरळ अधिकारी बाईंकडे बघत होती, आणि पूर्वी दूरच्या गावची लाइन जोडून द्यायची तशा स्वच्छ, सावकाश आवाजात बोलत होती.

"ती माझे कपडे सैल करते. दर ऋतूला. पोटावर. सुरुवातीला दोन इंच होतं, आता जास्त होतं. कोट, ड्रेस, सगळंच. लिहिलंत? पोटावर लिहा. परत आलं तर पुन्हा सांगायला लागेल, एकदाच काय ते सांगते."

"धाकटे," थोरली म्हणाली.

"तू गप्प बस. आयुष्यभर नको तिथे बोललीस आणि आता बोलायचं तर तोंडात टाचण्या धरल्यात."

अधिकारी बाईंनी सगळं लिहून घेतलं. हसू आलं असावं, पण सरकारी कागदावर ते दिसायला नको म्हणून त्यांनी खाली मान घातली. "चूल भाड्याची. मोबदला, मालकिणीचे कपडे सैल करणे. संसार स्वतंत्र. मी मंजुरीसाठी पाठवते. इथे दोघींच्या सह्या."

सह्या झाल्या.

"भिंत मात्र राहिली पाहिजे," बाई उठताना म्हणाल्या. "दार चालेल. भिंत पाडलीत की भाडं संपलं, चूल एक झाली, मदत बंद. आम्ही वर्षातून कधीही बघायला येतो."

"म्हणजे ती खरोखरच कायमची?" सर्वेअरने जमिनीवरून विचारलं.

"मघाशी तुम्हीच म्हणालात," बाई म्हणाल्या, बाथरूमला पुन्हा एकदा जाऊन आल्या, आणि गेल्या.

दार लागलं आणि घराने इतकी वर्षं राखून ठेवलेला दारूगोळा बाहेर काढला. सर्वेअर लेकीला म्हणाला, तुझ्या अर्जापायी माझं स्वयंपाकघर गेलं. लेक म्हणाली, माझ्या आईच्या हृदयापेक्षा तुझी स्टुलं मोठी का? सून म्हणाली, स्टुलांवर बोलायचं काम नाही, ती मी पसंत केली होती. आत्याने दोन्ही बाजूंना कुकरची आठवण करून दिली आणि दोन्ही बाजूंकडून ऐकून घेतलं. संध्याकाळी लेक निघाली तेव्हा सर्वेअर तिला पोचवायला बस थांब्यापर्यंत गेला नाही, आणि तिनेही वळून पाहिलं नाही.

मंजुरी आली. हप्ता भरला गेला. थोरलीला हॉस्पिटलची तारीख मिळाली.

आदल्या दिवशी दुपारी लेक बॅग भरायला आली. फळी सताड उघडी होती. आता लपवायचं कुणापासून? पलीकडे सर्वेअर रजा काढून घरी होता, आणि वर्तमानपत्रामागे असल्यामुळे नव्हताही.

"काकू," लेक भिंतीकडे बघत म्हणाली, "तुमच्या मुलाला सांगा, उद्या गाडी सातला काढायची. हॉस्पिटलचा मागचा दरवाजा धरायचा."

"ती म्हणते सातला, मागचा दरवाजा," धाकटीने चार पावलांवर असलेल्या मुलाला सांगितलं.

"तिला सांग, मला रस्ता कळतो," वर्तमानपत्र म्हणालं.

"तो म्हणतो त्याला रस्ता कळतो."

"त्याला म्हणावं, भिंतीतलं दार कळलं नव्हतं."

"हे मी सांगत नाही," धाकटी म्हणाली. "लाइन खराब आहे."

लेक धाडकन दार लावून खाली औषधं आणायला गेली. सर्वेअर वर्तमानपत्रासकट दुसऱ्या खोलीत गेला. थोरलीने शिवणयंत्राच्या खणातून टाचण्या काढल्या आणि धाकटीला फळीतून आत ओढून उजेडात उभं केलं. निळा कोट अंगात होता. उद्या हॉस्पिटलला घालायचा म्हणून धाकटीने तो कपाटातून काढला होता. त्याची बटणं आणि भोकं एकमेकांना लांबून ओळखत होती.

"हात वर कर. श्वास रोखू नको, खरं माप येत नाही."

"अक्का, उद्या भीती वाटतेय का तुला?"

"वाटतेय."

"मी बाहेर बाकावर बसणारेय. कोट घालून. शुद्धीवर आलीस की आधी कोट बघ, नीट बसलाय का."

थोरली खाली वाकली. बाजूची शिवण तिनेच घातलेली होती, उसवायला वेळ लागला नाही. "किती सोडू?"

धाकटीने दोन्ही दारांकडे पाहिलं. "तीन," ती म्हणाली. "आणि कुणाला सांगितलंस तर बघ."

"सांगणार कुणाला?" थोरली तोंडातली टाचणी काढत म्हणाली. "या घरात कुणी बोलतंय का कुणाशी?"